एकेचाळीस फडकी

१

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता तराजूच्या कारखान्यातले काचेचे कपाट रिकामे आढळले. कुलूप शाबूत होते, काचेला ओरखडाही नव्हता. आतल्या मखमलीत एक गोल खळगा तेवढा उरला होता. त्यात बसणारे एक किलोचे पितळी वजन गेले होते.

हे आधी पाहिले मास्तरांनी. मास्तर म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. वय साठ, नोकरी बेचाळीस वर्षे. त्यांनी कशाला हात लावला नाही, कुणाला हाक मारली नाही. दाराशी स्टूल ओढून बसले आणि साडेसातला मालक आत येताच म्हणाले, "साहेब, परवा तोलायला काही उरलेलं नाही."

वजन घडवले होते मालकांच्या आजोबांनी, स्वतःच्या हाताने. कारखाना त्यांनीच काढला. इथून बाहेर पडणारे प्रत्येक वजन एके काळी या वजनाशी ताडून पाहिले जाई. गुरुवारी ते वस्तुसंग्रहालयाकडे जायचे होते आणि देण्यापूर्वी सरकारी प्रमाण वजनाशी चारचौघांसमोर तोलले जायचे होते.

मालकांनी आठ वाजता विमा कंपनीला फोन केला. दहाला पाच मिनिटे असताना कंपनीची तपासनीस दारात उभी होती. पन्नाशीची बाई, सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी. अठ्ठावीस वर्षांत तिने आगी, पूर आणि चोऱ्या पाहिल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या चोऱ्या घरच्याच निघाल्या, असे ती कुणी विचारले तरच सांगे.

"किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?" तिने विचारले.

मालकांनी कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला आणि एक किल्ली काढून दाखवली. "इथेच असते, सगळ्यांना माहीत आहे. कुलूप चोरासाठी नव्हतंच, मॅडम. धुळीसाठी होतं."

बाईने कपाटात वाकून पाहिले. खालच्या फळीवर आजोबांचे चांदीचे पदक होते, सोन्याच्या टोपणाचे पेन होते. दोन्ही जागच्या जागी.

"चांदीसोनं ठेवलं आणि पितळ नेलं," ती म्हणाली. "आणखी काय गेलंय?"

उत्तर मास्तरांनी दिले. "वजन उचलायचा चिमटा. टोकांना कातडं लावलेला. हाताचा घाम लागला तर पितळ डागाळतं, म्हणून."

"म्हणजे चोराला वजन डागाळू द्यायचं नव्हतं."

कारखान्यात आता चौघेच उरले होते. मालक, त्यांची धाकटी बहीण, त्यांची आत्या आणि मास्तर. बाहेरच्या चोराची आशा तिथेच संपली.

२

आत्या कारखान्याच्या वरच राहायची. संस्थापकाची मुलगी. वय त्र्याहत्तर, पाठ ताठ, नखांच्या कडा काळ्या. बाईची नजर नखांवर गेलेली तिने पाहिली.

"पॉलिश आहे ते. मळ नाही," आत्या म्हणाली. "दर सोमवारी पाच वाजता मी वजन पुसते. बाबा गेल्यापासून. एकेचाळीस वर्षांत एक सोमवार चुकवला नाही. ताप असला तरी."

"काल?"

"कालही. पुसलं, ठेवलं, कुलूप लावलं, सहाला वर गेले. तेव्हा जागेवर होतं."

"पुसायला काय वापरता?"

आत्याने मांडीवरचा पत्र्याचा डबा जरासा जवळ ओढला. "फडकं. वर्षाला एक. दुसऱ्या कशाला लावत नाही, धूत नाही. बाबांच्या वजनाचं आहे, ते काय भांड्यांना वापरू?"

"ते संग्रहालयात जावं असं तुम्हाला वाटत होतं?"

"मला कोण विचारतं! थोरल्याला वाटतं, दिव्याखाली ठेवलं, खाली नाव लिहिलं की आजोबांचा मान राखला. धाकटी म्हणते, जुन्याची पूजा नको. दोघांपैकी एकाने तरी कधी फडकं हातात घेतलंय का, विचारा."

"मग तुम्हीच लपवलंत?"

आत्या हसली. "लपवायचं असतं तर तुमच्या विम्याला बोलवू दिलं असतं का मी? आणि बाई, माझी वस्तू मी कशाला चोरू?"

मालक म्हणजे घरातला थोरला. पोट सुटलेला, बोलताना टाय चाचपणारा. सोमवारी सातपासून नऊपर्यंत तो संग्रहालयाच्या अधिकाऱ्याबरोबर जेवायला होता. बाईने तिथूनच फोन लावून खात्री केली. अधिकाऱ्याने जेवणातले पदार्थही सांगितले.

"आम्ही दोघं भावंडं लहानपणी त्या कपाटासमोर उभे राहायचो," थोरला म्हणाला. "आजोबांचा फोटो आणि ते वजन. बाबा म्हणायचे, जगात सगळं खोटं ठरलं तरी हे खरं. आता हा कारखाना किती दिवस चालेल देव जाणे. निदान हे तरी लोकांना दिसत राहावं, एवढंच माझं म्हणणं."

"गुरुवारी ते खरं ठरलं नसतं तर?"

थोरल्याचा हात टायवर थांबला. "हे तुम्हाला मास्तरांनी सांगितलं का?"

"नाही," बाई म्हणाली. "आता तुम्ही सांगितलंत."

३

मास्तर कानस चालवत होते. बाई समोर बसली तरी हात थांबला नाही.

"गुरुवारची सगळ्यात जास्त वाट कोण बघत होतं, मास्तर?"

"मी." कानस खाली ठेवून त्यांनी हात पुसले. "माझ्या वडिलांचाही असाच कारखाना होता. पलीकडच्या गल्लीत. ते सोनं तोलायची वजनं करायचे. त्रेचाळीस वर्षांपूर्वी तक्रार झाली की त्यांची वजनं भारी आहेत. भारी वजनाने कुणी सोनं विकत घेतलं, तर विकणारा नागवला जातो. समजलं ना?"

"समजलं."

"मग खटला. साक्षीला आले यांचे आजोबा, ते पितळी वजन घेऊन. माझ्या वडिलांचं वजन त्याच्याशी तोललं. तीनशे मिलिग्रॅम भारी निघालं. कारखान्याला सील लागलं. वडील पुढे चार वर्षं जगले, पण तराजूला हात लावला नाही. घरात साखर तोलायची झाली तरी आई तोलायची."

"आणि तुम्ही इथे नोकरी धरलीत?"

"दुसऱ्या वर्षी आजोबा स्वतः घरी आले. म्हणाले, मुलगा हाताचा चांगला आहे, माझ्याकडे पाठवा. दया होती की मनाला खात होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? दोन वजनं शेजारी ठेवली आणि एक भारी दिसलं, तर कदाचित ते भारी असेल. कदाचित दुसरं हलकं असेल. हे पोराटोरालाही कळतं. पण आजोबांचं वजन हलकं असेल असं म्हणायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. त्याहून खऱ्या कशाशी ते कधी तोललंच गेलं नाही. बेचाळीस वर्षं मी त्या काचेसमोरून जातोय, बाई. मला वजन नको, माफी नको. मला फक्त आकडा हवाय."

"मग वजन हरवणं तुम्हाला परवडणारं नाही."

"मला तर मुळीच नाही," मास्तर म्हणाले आणि पुन्हा कानस उचलली.

बाई उठता उठता थांबली. "तोलायची खोली कुठे आहे?"

४

तोलायची खोली आत होती. खिडकी नव्हती, मधोमध दगडी ओटा. ओट्याच्या एका टोकाला काचेच्या पेटीतला जुना तराजू आणि दुसऱ्या टोकाला नवा इलेक्ट्रॉनिक काटा, वर स्वच्छ कापड टाकलेला. तो धाकटीने गेल्या वर्षी भांडून आणला होता. मास्तर त्याला 'डबा' म्हणत. आत्या त्याच्याकडे पाहतही नसे.

धाकटी बत्तीस वर्षांची, केस कापलेली, बोलायला तुटक. "मी साडेसहाला घरी गेले," तिने न विचारता सांगितले. "आणि आधीच सांगते, मला त्या वजनाचं कौतुक नाही. नेमकं तोलणं हा आमचा वारसा आहे. आत्या पितळ घासते, दादा काचेत ठेवतो, आणि दोघंही तोलत नाहीत."

"गुरुवारी तोललं जाणार होतंच की."

"हो. आणि जो आकडा येईल तो वजनाखालीच लिहायचा, असं मी दादाला सांगितलं होतं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पहिल्यांदाच घरात शांतता होती."

बाईने काट्यावरचे कापड बाजूला केले. "हा पूर्वीचे आकडे लक्षात ठेवतो?"

"शेवटचे पन्नास. वीज बंद केली की पुसले जातात."

"दाखवा."

धाकटीने बटण दाबले. पडद्यावर एकही आकडा नव्हता.

बाई मात्र पडद्याचा वरचा कोपरा पाहत होती. तिथे बारीक अंकांत वेळ होती, चौदा तास दहा मिनिटे. बाईच्या मनगटावर सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती.

"याचं घड्याळ चुकलंय," ती म्हणाली.

"वीज परत आली की ते शून्यापासून सुरू होतं," धाकटी म्हणाली आणि तिने बटणावरचा हात मागे घेतला.

बाईने पिशवीतून पेन्सिल काढली. अकरा पाचमधून चौदा तास दहा मिनिटे मागे. सोमवारी रात्री आठ वाजून पंचावन्न मिनिटे.

"काल वीज गेली होती?"

"माहीत नाही. गेली असेल."

त्याच प्लगच्या पट्टीवर खोलीचे तापमान नोंदवणारे यंत्र होते. ते कागदाच्या गुंडाळीवर दिवसरात्र निळी रेघ ओढत असे. बाईने गुंडाळी उलगडली. सोमवार सकाळपासून मंगळवार सकाळपर्यंत रेघ कुठेही तुटलेली नव्हती.

"वीज गेलेली नाही," ती म्हणाली. "आठ पंचावन्नला कुणीतरी फक्त हा काटा बंद केला. आकडे पुसायला. इथपर्यंत कुणीही केलं असतं. पण मग त्या माणसाने तो परत चालू केला. का?"

धाकटी भिंतीकडे पाहत होती.

"मी सांगते," बाई म्हणाली. "काटा तापायला वेळ लागतो, असं इथे भिंतीवरच लिहिलंय, तीन तास. बंद ठेवला असता तर आज सकाळचं पहिलं काम अडलं असतं. तुमच्या दादाने प्लग ओढला असता आणि विसरून गेला असता. शिवाय तो जेवायला होता. आत्याला बटण कुठे आहे ते ठाऊक नाही. मास्तरांनी जुन्या तराजूवर तोललं असतं. त्याला काही लक्षात राहत नाही, पुसायची गरजच नाही. चोरी करतानाही उद्याच्या कामाची काळजी वाहणारं माणूस या खोलीत एकच आहे."

धाकटीने काट्यावर कापड परत पसरले. मग म्हणाली, "आत्याला इकडे बोलवू नका."

५

पाठवणीच्या कोठारात एक किलोची नवी पितळी वजने फळीवर ओळीने उभी होती. मागणी चाळीसची. बाईने मोजली, तर एकेचाळीस. धाकटीने बोट दाखवण्यापूर्वीच तिने मागच्या रांगेतल्या एकाकडे मान वळवली. सर्वांत जुने वजन सर्वांत चकचकीत होते. चिमटा त्याच्यामागेच, घडी घातलेल्या कापडावर.

बाईने चिमट्याने वजन फिरवले. दर्शनी बाजूला आजोबांचे नाव कोरलेले होते. अक्षरे इतकी पुसट की तिरपा उजेड पडला तरच वाचता यावीत.

"कितीने हलकं?" तिने विचारले.

"तुम्हाला कसं कळलं की हलकं आहे?"

"बरोबर असतं तर तुम्ही ते परत कपाटात ठेवून निवांत घरी गेला असता."

"तीनशे वीस मिलिग्रॅम." धाकटी खोक्यावर बसली. "गुरुवारी सगळ्यांसमोर धक्का बसू नये म्हणून आधी बघायचं होतं, एवढंच. पाच वेळा तोललं. पाचही वेळा तेच. मग हे नाव बघितलं. फोटोत ही अक्षरं केवढी खोल आहेत, माहितेय? घासून घासून गेलीत. आत्याने घासली. दर सोमवारी, मायेने. आणि परवा एक अनोळखी माणूस तिच्यासमोर आकडा वाचणार. तुमच्या वडिलांची वस्तू तुम्ही तुमच्या हाताने संपवलीत, असा त्याचा अर्थ. मला नाही ऐकवलं असतं ते."

"आकडा लिहायलाच हवा असं तुमचंच म्हणणं होतं."

"हो. बोलताना सोपं असतं ते."

"आणि मास्तर?"

धाकटीने मान खाली घातली. बाईने आवाज चढवला नाही. "मास्तरांच्या वडिलांचं वजन तीनशे मिलिग्रॅम भारी निघालं होतं. तुम्हाला हे तीनशे वीस हलकं सापडलं. हे पहिल्यापासून हलकं असेल, तर त्या माणसाची वजनं जवळपास बरोबर होती आणि त्याचा कारखाना उगीच बंद पडला. घासून हलकं झालं असेल, तर खटल्याच्या वेळी ते खरं होतं आणि तुमचे आजोबाही. एक तर तुमच्या आत्याने वजन झिजवलं, नाही तर तिच्या वडिलांनी एका माणसाला बुडवलं. तुम्ही पहिलं धरून चाललात. दुसरं तुमच्या मनात आलंच नाही?"

"आलं," धाकटी म्हणाली. "म्हणून तर परत ठेवायची हिंमत झाली नाही."

कोठाराच्या दारात काहीतरी खणकन वाजले. आत्या उभी होती. पत्र्याच्या डब्याचे झाकण तिच्या हातातून खाली पडले होते.

६

गुरुवारी सकाळी अकरा वाजता वजन ठरल्याप्रमाणे तोलले गेले. विम्याचा दावा थोरल्याने बुधवारीच मागे घेतला होता. तरी बाई आली. तिच्या अहवालात एक रकाना भरायचा राहिला होता: परत मिळालेल्या वस्तूची अवस्था.

सरकारी माणसाने आकडा वाचला. तीनशे वीस मिलिग्रॅम हलके. संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने घसा साफ केला. थोरला म्हणाला, "हे आत्ता जाहीर करायलाच हवं का?"

"हवं," मास्तर म्हणाले.

"मास्तर, याने सिद्ध काय होतं? झिजलंय ते. अक्षरं बघा."

"अक्षरं झिजलीत, साहेब. किती, ते कुणी तोललंय? नखभर पितळही अक्षरं पुसायला पुरतं."

"मग ते आता कळणार कसं? चाळीस वर्षांपूर्वीचं पितळ कुठून आणू मी?"

तेव्हा आत्याने डबा ओट्यावर ठेवला. दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. आत घड्या घातलेली फडकी होती, काळी पडलेली. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली वर्षाची चिठ्ठी. एकेचाळीस.

"इथे आहे," ती म्हणाली. "जे काही माझ्या हाताने गेलं, ते यात आहे. मी कधी धुतली नाहीत."

बाई पुढे झाली. "धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हे होतं. कापड जाळतात, राखेतलं तांबं शोधून तोलतात. तांबं कळलं की पितळ किती ते निघतं. थोडंफार हवेत उडालं असेल, पण तीनशेच्या आसपास आहे की वीस-तीस, एवढं नक्की कळेल." ती आत्याकडे वळली. "पण फडकी परत मिळणार नाहीत."

"आत्या, नको," थोरला म्हणाला. "वजनापेक्षा मोठा ठेवा आहे हा. हेच संग्रहालयात ठेवू. एकेचाळीस वर्षं कुणी असं जपलंय?"

"म्हणजे माझ्या चुकीला दिवा लावणार?"

"चूक कशी, आत्या—"

"ते राख सांगेल." आत्या मास्तरांकडे वळली. "तुमच्या वडिलांना मी एकदाच पाहिलं, मास्तर. कोर्टाच्या पायऱ्यांवर. ते खाली बघून चालले होते आणि मला बाबांचा अभिमान वाटत होता. खूप वाटत होता. आता मला कळलं पाहिजे."

"ताई, तुमच्या हाताने झिजलं असं निघालं, तर माझे वडील खोटे ठरतात," मास्तर म्हणाले. "ते तुम्हाला सोसवेल. मला सोसवेल का, माहीत नाही. तरी पाठवा."

धाकटीने फडकी एकेक करून मोजली आणि मास्तरांनी तिच्यामागून पुन्हा मोजली. खोक्याला दोघांनी मिळून दोरी बांधली. खोका घेऊन धाकटी स्वतः गेली. शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेने पोच दिली: एकेचाळीस नग, सर्व कोरडे.

वजन कपाटात परत आहे. संग्रहालय अहवालासाठी थांबले आहे. पुढच्या सोमवारी पाच वाजता आत्या खाली आली, कपाटासमोर बसली आणि सहाला वर गेली. कपाट तिने उघडले नाही. बाईच्या अहवालात अवस्थेचा रकाना कोरा आहे. कंपनीने तो भरून मागितला, तेव्हा तिने मुदत वाढवून घेतली.

बुधवारी सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेतून फोन आला. मास्तरांनी उचलला, कारण ते सर्वांत जवळ होते. पहिल्या वर्षाचे फडके जाळून झाले होते आणि राखेत तांबे सापडले होते. किती, ते अजून तोललेले नव्हते.